सिडकोतला इंदुरी हॉट डॉग

६ सप्टेंबर, शनिवार
बाबांनी आजही ताट सरकवलं. दोन घास वरणभात, बाकी सगळं तसंच. आई गेल्यापासून हेच चाललंय. जूनमध्ये इंदूरहून इकडं आणलं तेव्हा वाटलं, जागा बदलली की खातील. कशाचं काय! सदरा खांद्यावरून घसरतो. रक्त मी स्वतः काढलं, आमच्याच लॅबमध्ये तपासलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात, मनाचं आहे. मनाचं तपासायचं यंत्र आमच्याकडं नाही.
ओरडले त्यांच्यावर. "उपाशी मरायचंय का?" तर म्हणाले, "कशाला चवच नाही बेटा." मग मोरीत जाऊन मीच रडले. असे डोळ्यांदेखत संपत चालले तर मी काय करू?

९ सप्टें., मंगळ.
अजबच. लॅबमधून येताना सिडकोच्या मागच्या रस्त्यावर नवा गाडा. पाटी: इंदुरी हॉट डॉग. हसू आलं. आमच्याकडचा हॉट डॉग म्हणजे तुपात खरपूस केलेला गोल पाव, आत बटाट्याची टिक्की, कांदा, हिरवी चटणी. सॉसेज-बिसेज काही नाही. बाबांनी जन्मभर ठेल्यावर तोच विकला. टिक्की त्यांची, चटणी आईची. आई गेली आणि ठेला बंद झाला.
इथं दोन कॉलेजची पोरं गाडेवाल्याशी हुज्जत घालत होती, "काका, यात सॉसेज कुठंय?" त्यांना झापलं. मला काय नडलं होतं, पण झापलं.
मग एक घेतला. पहिल्याच घासाला ओळखलं. चटणीत कच्चा पेरू, तोही विस्तवावर भाजलेला. अशी चटणी करणारी अख्ख्या इंदुरात एकच बाई होती.
तव्याच्या कडेला एक पाव उपडा, जळून कोळसा. बाबाही रोज पहिला पाव तसाच ठेवायचे, विकायचा नाही, तव्याचा म्हणून. गाडेवाल्याला विचारायचं धाडस झालं नाही. घरी कुणाला बोलले नाही.

१० सप्टें., बुध.
बाबांसाठी बांधून आणला. पुडा सोडायच्या आधीच ते उठून बसले. हात धुतले. आई गेल्यापासून पहिल्यांदा न सांगता हात धुतले! जवळजवळ सगळा खाल्ला. शेवटचा तुकडा ठेवला. "हा राहू दे."
मी म्हटलं, संपवा की. नाही म्हणाले. टाकवेना, मीच खाल्ला.
पाणी पिऊन म्हणाले, "पेरू जरा जास्तच भाजते ही." भाजायची नाही. भाजते.
असू दे. पोटात अन्न गेलं ना.

१२ सप्टें., शुक्र.
आज विचारलंच. गाडेवाल्याचं नाव सोपान, वैजापूरकडचा, आधी तिथं मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलायचा. "इंदूर? नाय ओ ताई. आपण मनमाडच्या पुढं कधी गेलो नाय."
मग हे शिकवलं कुणी?
"एक आजी हायेत. म्या वडापाव टाकणार होतो. त्या आल्या, म्हणल्या, हे कर, इथं खाणारं माणूस हाय. चटणी त्याच आणतात, सकाळी. पैशाचं नाव काढू देत नायत."
दिसतात कशा?
"बारीक हायेत. बोलताना पदर दातात धरत्यात, निम्मं कळत नाय."
आई तशीच बोलायची. आम्ही तिला चिडवायचो. घरी येईपर्यंत स्वतःला समजावत राहिले की पदर दातात धरणाऱ्या बायका काय कमी आहेत? पण पटलं नाही.

१४ सप्टें., रवि.
सुटी. सकाळीच गाड्यावर जाऊन बसले. म्हटलं, येऊ दे कोण येते ते. स्टुलावर बसून चहा घेतला, रस्त्यावर नजर. सोपान गॅस पेटवतोय, कांदा चिरतोय. कुणी आलं नाही. वैतागून उठले, "काय हो, कुठं तुमच्या आजी?"
तो चटणीचा डबा उघडत होता. भरलेला. "आत्ताच दिऊन गेल्या की. तुमच्या मागंच तर हुब्या व्हत्या एवढा येळ. मला वाटलं तुमच्याच हायेत."
मागं भिंत. भिंतीत आणि स्टुलात माणूस उभं राहील एवढी जागाच नाही. मी हात घालून पाहिलं.
डबा कोमट होता.

१७ सप्टें., बुध.
मुक्तिदिन. झेंडावंदनाची भाषणं खिडकीतून ऐकू येत होती. बाबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले. सदरा आता घसरत नाही. गालांवर रंग. यशवंता चितेगावहून, कंपनीची पाळी करून आला तो बघतच राहिला. "मामा लई ताजे दिसायलेत! अगं, त्या गाडेवाल्याला टॉवेल-टोपी कर!" नवरा म्हणून बरा आहे, पण याला दिसतं तेवढंच दिसतं.
मला दुसरंही दिसतं. बाबांनी हातातलं घड्याळ य.ला दिलं, "मला आता काय करायचंय." इंदूरला दादाला फोन लावून फार गोड बोलले. दादाशी! ज्याच्याशी भांडल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही.
रोज पुडा आणते. रोज शेवटचा तुकडा ठेवतात. पण तो आता लहान लहान होत चाललाय. तो मीच खाते. कालचा घास केवढुसा, नखाएवढा.

१९ सप्टें., शुक्र.
आज धरून बसवलं. बाबा, हे काय चाललंय, खरं सांगा.
त्यांना कसलाच संकोच नाही. हवापाण्याचं बोलावं तसं बोलले. आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, ते मला आठवतं. ऊन चढलेलं. दादा म्हणाला, घर नीट ठेवीन. मी म्हटलं, बाबांना माझ्याकडं नेईन. कावळे समोरच्या झाडावर, हलेनात. भटजी दर्भाचा करू म्हणाले आणि तेवढ्यात एक उतरला. आम्हाला वाटलं, ऊन फार झालं, बिचारा उतरला.
बाबा म्हणाले, "मी मनात बोललो तिच्याशी. तुझ्या हातचं एकदा पोटभर खातो आणि येतो. लगेच बसला बघ."
आणि रोजचा तुकडा?
"पोट भरलं नाही असं सांगतो तिला. ती समजते." मग पोटावरून हात फिरवला. "पण आता भरत आलंय बेटा."
 मेलेल्या माणसाला असला शब्द देतात का कुणी? तिथं काय बोलायचं याला काही धरबंध? आणि मी मूर्ख रोज स्वतःच्या हातानं पुडा आणतेय!

२० सप्टें., शनि.
गाड्याकडून आलेच नाही. लांबच्या रस्त्यानं घरी. खुलताबाद रस्त्याला पेरू विकणाऱ्या बाईकडून कच्चे पेरू आणले, गॅसवर भाजले, चटणी केली. पाव तुपात, टिक्की, सगळं जसंच्या तसं. बाबांनी वास घेतला. "ही तुझी आहे. छान आहे." बाजूला ठेवला. एक घास नाही. माझी ती छान!
तिचा राग येतोय. आईचा. जिवंतपणी कुणाकडून भांडं मागून आणायला लाजायची, आणि आता थेट माणूस मागतेय?

२१ सप्टें., रवि.
सर्वपित्री. गल्लीभर वड्यांचा वास. आईचं वर्ष झालं नाही, म्हणून आमच्याकडं तिचं पान नाही. बाबांच्या पोटात कालपासून फक्त पाणी. दुपारी उठताना भिंत धरली. हे आठ दिवसांत चढलेलं मांस एका दिवसात कुठं जातं? डोळे खोल गेले. म्हणजे आणलं तर ती नेणार, नाही आणलं तर असेच जाणार.
संध्याकाळी तावातावानं गाड्यावर गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सोपान होता, पण मी त्याच्याशी बोललेच नाही. भिंतीकडं तोंड करून बोलले. आई, पुरे कर. सोड त्यांना. इथं मी आहे, त्यांचं करायला. रडू आलं, त्या भरात काय काय बोलले. शेवटी म्हटलं, "एकट्याला कसं पाठवू गं मी त्यांना?"
सोपाननं गॅस बंद केला. "ताई, ऐकत व्हत्या त्या," हळूच म्हणाला. "पदर सोडला त्यांनी दातातला."
काही बोलल्या?
"नाय. हसल्या."
घरी आले तर जरा हलकं वाटलं. आईनं ऐकलं असेल. लेकीचं ऐकत होती ती नेहमी.

२२ सप्टें., सोम.
बाबांना सकाळी चहा पण गेला नाही. य. म्हणतो, दवाखान्यात भरती करू. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत थांब. शेवटचं म्हणून गाड्यावर गेले. खाऊ दे, मग बघू, तुकडा ठेवायला लावीन, मोठा ठेवायला लावीन, समोर बसून राहीन. एवढंच ठरवलं होतं.
सोपाननं बांधूनच ठेवलेलं. दोन पुडे.
मी म्हटलं, एकच द्या.
त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. "सकाळीच सांगून गेल्या. म्हणल्या, तिला सांग, तुझं ऐकलं. एकट्याला नको धाडू. आजपासून दोन."
टाकून द्यावेत म्हणून नाल्यापर्यंत गेले. हात सुटेना. खरं सांगायचं तर भूक लागली होती. सकाळपासून मलाही कशाला चव नव्हती. आत्ता लिहिताना लक्षात येतंय, चहाही मी तसाच ओतून दिला होता.
दोन्ही पुडे ओट्यावर आहेत. बाबांनी हात धुतलेत. पाट मांडलेत, माझाही. यशवंता अजून आलेला नाही. बाबा हाक मारतायत, "ये बेटा, गार होतंय."