इंदूरचं ऊन

अहो,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात पुढे गेला नाही. राग मानू नका. मानलात तरी आता काय करणार आहात!

आज सकाळी रत्नागिरीची तिकिटं काढली. तीन. मी, गौरी आणि यश. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा समुद्र बघणार आहे मी. आणि बघा ना, ही बातमी द्यायला तुम्हीच आठवलात! शिवाय जे सांगायचं आहे ते दुसऱ्या कुणापाशी बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

बेत माझाच. जानेवारीत तुम्ही मिरचीच्या पथारीवर, वाळत घातलेल्या मालातच छाती धरून बसलात ते उठलाच नाहीत. तेव्हापासून गौरी बोलेनाशी झाली. यंदा बारावीचं वर्ष, पुस्तक उघडं आणि नजर भिंतीवर. ताटात अर्धी भाकरी तशीच. मला वाटलं, बापाची लाडकी, वेळ लागेल. पण नऊ महिने झाले तरी तेच! पोर डोळ्यांदेखत सुकत चालली होती. शेवटी म्हटलं, यंदा घरात दिवाळी नाहीच, तर सुट्टीत हिला समुद्रावर नेऊन बघते.

यश चौदाचा, तो तर हवेतच गेला. मला म्हणतो, पप्पांच्या अस्थी आपण प्रकाशा गावी तापीत सोडल्या, तापी सुरतेला समुद्राला मिळते, म्हणजे पप्पा आपल्या आधी पोचले! थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, नाही, मधे उकाईचं धरण आहे, तिथेच अडकले असतील. मी हसले हो. बाप गेल्यावर हे पोरगं पहिल्यांदा थट्टा करत होतं.

मलाही ते पटलं. अडकणं तुमच्या पाचवीलाच पुजलेलं होतं ना? दिवाळीला माल यायला सुरुवात. मग चार महिने पथारी. आभाळ भरून आलं की ताडपत्र्या घेऊन पळायचं. सीझन संपला की मे महिन्यात चार दिवस इंदूर, मालाच्या कामाला. ‘पुढच्या वर्षी समुद्रावर जाऊ’ हे दर वर्षी ऐकलं. इंदूरहून यायचात ते काळेठिक्कर पडून, खांदे सोललेले. ‘इंदूरचं ऊन’ म्हणायचात. मी कोरफड सोलून तुमच्या खांद्यांना गर लावत बसायचे, आणि माणूस घरासाठी किती राबतो म्हणून जीव तुटायचा माझा. अहो, शर्ट घातलेल्या माणसाचे खांदे कसे भाजतात, हे मी एकदाही विचारलं नाही!

तुमच्या थोरल्या भावांना कळवलं तर आप्पा दारात येऊन उभे. चहाही घेतला नाही. “अजून वरीस व्हयनं नही आन् तुम्ही फिराले चालनात? लोके काय म्हनतीन?” मी पदर नीट केला आणि चहा आत नेला. सवयच आहे.

तरी मी म्हटलं, लांब नको, जवळचं दमण करू. सकाळी गाडीत बसलं की दुपारी समुद्र. यश तयार. गौरी म्हणाली, कुठेही चल, दमण नको. का नको? तर उठून आत गेली. काल दुपारी मीही हट्टाला पेटले. म्हटलं, तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं आणि तुझेच नखरे! तर पोरगी ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन भडाभडा ओकली.

मग बोलली. तिच्या दहावीच्या सुट्टीत तुम्ही तिला निकाल बघायला तुमचा फोन दिला होतात. त्यात दमणचा फोटो होता. अर्ध्या चड्डीत, कमरेएवढ्या पाण्यात तुम्ही, बाजूला बाटली घेतलेले आप्पा, आणि मिरचीच्या धंद्यातले तुमचे दोन दोस्त. तुम्ही तर तेव्हा इंदूरला होतात ना! तिने विचारलं. तुम्ही आधी हसलात, आणि मग म्हणालात, “कोनलेबी सांगं ते मन्हं मरेल तोंड दखशी.”

स्वतःच्या मरणाची शपथ घातलीत, पंधरा वर्षांच्या पोरीला! स्वतःच्या चार दिवसांच्या मजेसाठी!

सात महिने तिने तोंड उघडलं नाही. या जानेवारीत शाळेत मैत्रिणीपाशी, सानियापाशी, बोलून गेली. चौथ्या दिवशी तुम्हाला पथारीवरून उचलून आणलं. “मी शप्पथ मोडी, मम्मी. म्हनीसन पप्पा गयात,” असं म्हणत होती ती. एवढंच, पुन्हा पुन्हा. नऊ महिने माझी लेक स्वतःला तुमची मारेकरी समजत होती, आणि मी तिला बदाम भिजवून देत होते.

तुम्ही समुद्र आम्हाला सोडून बघितलात, त्याचं मला वाईट वाटलं. दारूचंही वाटलं. पण ते मी कधीतरी गिळलं असतं. हे गिळवत नाही.

मी तिला म्हटलं, शपथेने कुणी मरत नाही. तिला पटेना. शपथ सुटली म्हणते मी, म्हटलं. तर म्हणे, ज्याने घातली त्यानेच सोडावी लागते. आता तुम्हाला कुठून आणू?

मग मी खोटं बोलले. म्हटलं, “वेडे, पप्पांनी मागच्या दिवाळीतच मला सगळं सांगितलं होतं. स्वतःहून. तेव्हाच तुझी शपथ सुटली.” तिने विचारलं, मग तू चिडली नाहीस? चिडले की, दोन दिवस बोलत नव्हते, आठवतंय ना? तिला तो अबोला आठवला. तुम्हाला ठाऊक आहे तो कशाचा होता. भाऊबीजेला मला म्हसावदला माहेरी सोडलं नाहीत म्हणून. पण लागला उपयोगी! पोरगी माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर रडली, आणि उठून दीड भाकरी खाल्ली.

आज आप्पा पुन्हा आले, तेच घेऊन. मी म्हटलं, दमणला नाही जात आहोत आप्पा, रत्नागिरीला जातोय. त्यांनी कप उचलला, गार चहा तसाच प्यायला आणि चप्पल घालून गेले.

वर्षश्राद्ध करीन. तुमच्या आवडीचं सगळं करीन. पोरांवर आयुष्यात कसली शपथ घालणार नाही, हा माझ्या कानाला खडा. पण एक सांगून ठेवते. रत्नागिरीला वाळूत बसलो की गौरी मला नक्की विचारणार आहे: मम्मी, पप्पा तेव्हा नेमकं काय म्हणाले होते? त्यांना वाईट वाटलं होतं का? तुम्ही कधी मागितली नाहीत ती माफी मला शब्द न् शब्द रचावी लागणार आहे. रचीन. तुम्ही कधीच नव्हतात इतके चांगले करून तुम्हाला तिच्या पदरात घालीन, आणि मरेपर्यंत तो शब्द फिरवणार नाही. तुम्हाला वाईट वाटलं होतं, हे मला मात्र सांगणारं कुणी नाही.

वैशाली