पेवातली हवा

२० ऑक्टोबर १९५९, अमरावती

आज सरांनी ब्रोमीन दाखवला. खालच्या बरणीत तपकिरी वाफ, वर रिकामी बरणी उपडी, मधली काच ओढून घेतली. वाफ हवेहून जड — तरी हळूहळू वर चढली. तास संपायच्या आत दोन्ही बरण्या तपकिरी. कोणी हलवलं नाही, फुंकलं नाही. सर म्हणाले, कण आपणहून धावतात, एकमेकांवर आपटतात, पसरत जातात.

मी विचारलं — पेवात पण? वर्ग हसला. सर पुण्याचे, त्यांना पेव ठाऊकच नाही! सांगितलं : जमिनीत दोन पुरुष खोल खड्डा, आत ज्वारी भरायची, तोंड लिंपून टाकायचं. माझे बाबा त्यात उतरून ज्वारी काढतात. मग कोणी हसलं नाही.

२१ ऑक्टोबर

सरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, बंद पेवात ज्वारीसुद्धा श्वास घेते. प्राणवायू संपवते, वाईट वायू सोडते. पेवाचं तोंड अरुंद. बरणीत तासाभरात झालं, तसं चांगली हवा आत पसरायला तिथे दिवस लागतील. मी म्हटलं, आधी कंदील सोडून बघतात, विझला तर उतरत नाहीत. "कंदील वरच्या थराचं सांगेल. दाण्यांच्या मधे अडकलेलं उकरल्यावर बाहेर येतं, त्याचं काय?"

जेवण गेलं नाही.

२८ ऑक्टोबर, तेल्हारा

दिवाळीच्या सुट्टीत घरी. किसनराव पाटलांचं पेव याच आठवड्यात उघडायचं आहे. बाबा उतरणार, शेजारचे श्रावणकाका वर दोर धरणार. माझ्या जन्माआधीपासूनची ही जोडी. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर वस्तीने गावकीची कामं सोडली, पेवाचं मात्र रोजावर म्हणून राहिलं. पाटलांच्या घरचं कोणी कधी उतरलेलं मी पाहिलं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. तोंड दोन-तीन दिवस उघडं ठेवा. उकरताना पुन्हा पुन्हा कंदील सोडा. हसले. "माया बापानं कंदील पाहूनच जिंदगी काढली. तू काहून भिऊन राहिली?"

२९ ऑक्टोबर

पाटलांना थांबायला वेळ नाही, म्हणे. उघडलं की लगेच उतरायचं.

रडले. भांडले. शेवटी म्हटलं — उतरलात तर मी परत कॉलेजात जाणार नाही. माझ्या मॅट्रिकचा गूळ बाबांनी वस्तीभर स्वतःच्या हाताने वाटला होता. मी बोलले ते वाईटच बोलले, पण दुसरं काही सुचेना.

३० ऑक्टोबर

बाबांनी पाटलांना नाही म्हणून सांगितलं! कारण दिलं, पाठ धरली. "पोरीनं अडवलं मनलं त गाव हासन मले." मला काय त्याचं? नाही म्हणाले ना. किती दिवसांनी मी पोटभर जेवले.

संध्याकाळी श्रावणकाका करडीचं तेल घेऊन आले. बाबांना पालथं झोपवून पाठ चोळून दिली. "आता कशी हाये रे बुधाजी?" बाबा म्हणाले, बरी हाये. मी चुलीपाशी होते. मीही काही बोलले नाही. काका गेल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

१ नोव्हेंबर

पाटलांनी श्रावणकाकांना उतरवलं. कंदील तेवत होता. काही टोपल्या वर आल्या, मग खालून आवाज येईना. बाबा अनवाणी पळत गेले. आत उडी घ्यायला निघाले तर चौघांनी धरून ठेवलं. तिथेच ते ओरडले — पोरीनं सांगितलं होतं मले! सगळ्यांनी ऐकलं.

काकांना गळ टाकून काढावं लागलं.

२ नोव्हेंबर

श्रावणकाकांची चतुराकाकू सकाळपासून आमच्या दारात बसून आहे. रडत नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. मला एकच विचारते — "तुया बापाले सांगितलं, त माया माणसाले काहून नाई सांगितलं?"