एकोडीचा रोवणा

२० जानेवारी २०२५
आयर्लंड

प्रफुल्लदादा, जयभीम.

आणि ‘अश्विन, तुले कथेतलं काय समजते’ हे मले पुन्हा ऐकवू नको. आठवी नापास आहो, पण दिवाळी अंकातली तुही कथा दोनदा वाचली. फोन तू मधातच कापतं, म्हणून लिहून राहिलो. आई बरी असन. मी बराच आहो. दिवसभर थंड्या हॉलमधे गाई कापतो, संध्याकाळी बोटं सरळ होत नाही.

तू कॉलेजात शिकवतं ना, आयर्लंडचे लेखक आपल्याच घरच्यायले सोडत नाही, म्हणून त्यायच्या कथा मोठ्या? ‘मीही सोडलं नाही’ म्हणतं तू. मी त्याच देशात राहतो, दादा.

इथं ब्रायडी नावाच्या म्हातारीच्या घरी भाड्यानं आहो. चौकात एका लेखकाचा पुतळा आहे, तो तिचा सख्खा मामा. लग्नाआधी पोट दिसलं म्हणून तिच्या आईले घरातून हाकललं, त्याच्यावर त्यानं कथा लिहिली. पोटात ब्रायडीच होती. पाद्र्यानं पुस्तक जाळलं. आता तेच शाळेत शिकवते, अन् पोट्टे म्हातारीले अजून चिडवते.

मी विचारलं, “मामाचा राग नाही येत?”

“येते ना. तो मेला तं मी नवीन टोपी घालून गेली.”

“मंग पुस्तक काहून ठेवलं?”

“आईच्या तोंडावर दार कोणं लावलं, ते लिहिलं त्यानं. त्यानंच लावलं होतं.”

मंग मले तुही कथा आठवली.

साक्षगंध मोडलं, तं आपली भावना एकटीच अंगठी वापस कराले एकोडीले, पोराच्या घरी गेली. त्यायच्या बांधीत धानाचा रोवणा चालू. पोराची माय म्हणाली, “आलीच आहे तं लाव चार ओळी. पाहू, सून कशी राहिली असती.” आपली येडी! वाटलं असन, मन फिरन त्यायचं. नव्या साडीत दिवसभर चिखलात वाकली. सांजेले त्या बाईनं मजूर बायायसंगं तिलेही मजुरी देली.

एवढं तू बराबर लिहिलं. चांगलं लिहिलं. आता ते वाचून बसमधे बाया तिले ‘रोवणेवाली’ म्हणते. जवाहरनगरच्या दुकानातलं काम सोडलं तिनं.

पण शेवटी तो भाऊ धावत येते, चिखलासकट बहिणीले छातीशी धरते, रडते. कोणता भाऊ, दादा? पहिला फोन तिनं तुले केला होता. “माह्या स्टाफमधलं कोणी पाहिलं तं? अंधार पडू दे, मंग ये,” तू म्हणाला, अन् फोन बंद केला. मंग तिनं मले केला. तवा मी घरीच होतो, गाडी घेऊन मी गेलो. ती बांधावर बसून होती. मी छातीशी-बितीशी काही धरलं नाही. “बस मागं” म्हटलं. रडलं कोणी नाही.

आता पुस्तक काढतं, अन् छपाईले चाळीस हजार मले मागतं. मी भावनाले विचारलं, “ती कथा काढाले सांगू?”

म्हणाली, “आता काढून काय? सगळ्यायनं वाचली. फोनचं लिहाले सांग.”

तं लिही. चाळीस हजार तिच्या खात्यात टाकले. तू लिहिलेलं पहिले ती वाचन, पटलं तं पैसे ती तुले देईन. नाही पटलं, तं पैसे तिचे.

भावनाचा भाऊ,
अश्विन

ता. क. तुह्या खात्यातही बयाणा टाकला. एक रुपया.