चूक माझ्या कात्रीची

बुधवार, १२ ऑगस्ट १९८१, सकाळचे साडेदहा. मुक्तिदिनाच्या संचलनात कोळणींच्या पुढारी देडेबाई जनरलसाहेबांना वंदन करायला कमरेतून वाकल्या, आणि त्यांच्या झग्यावर, नेमका बसायच्या जागी, जनरलसाहेबांचा छापील चेहरा सगळ्या मैदानाला दिसला. तोही उलटा. मैदान हसलं. त्या हसण्यापर्यंत मला मृत्युपत्राची गरज नव्हती.

म्हणून मी, डोत्से, दिवंगत शिंपी आनानी आमेग्बो यांचा मुलगा, वय बावीस, धंदा कापड बेतण्याचा, राहणार आग्बोदे, खाडीकाठ, लिहून ठेवतो की मी पूर्ण शुद्धीत आहे, कोणी दमदाटीने लिहवून घेतलेलं नाही आणि मी प्यायलेलो नाही. डोकं तापलेलं आहे. आई म्हणते ते जन्मापासूनच तसं आहे, तेव्हा त्यामुळे या कागदाला बाध येऊ नये.

कलम १. हे मिळकतीचं नाही, कबुलीचं आहे. दर ऑगस्टला सरकारी कापड येतं, त्यावर ताटाएवढे चेहरे. नियम इथे सगळ्यांना पाठ आहे: चेहरा छातीवर किंवा पाठीवर, सरळ, मानेतून शिवण नको, कमरेखाली तर नकोच. म्हणून आम्ही प्रत्येक चेहऱ्याभोवती आधी खडूने गोल काढतो, मग कात्री लावतो. यंदा साहेबांच्या मेहुण्याच्या गिरणीने कापड वाचवायला एकाआड एक चेहरे उलटे छापले, तेही एकमेकांना चिकटून. तरीही मला जमलं असतं. पण मी कापडाकडे बघत नव्हतो. समोर मशीनवर आमच्या दुकानात शिवणारी सेनाम होती आणि मी तिला सातव्यांदा लग्नाचं विचारत होतो.

"आधी कापड बघ," ती म्हणाली.

"कापड कुठे पळून जातंय?"

"मी तरी कुठे पळतेय? पाय मशीनवर आहेत माझे."

त्या नादात मी गोल काढायचे विसरलो आणि मागचा भाग उलटा बेतला. शिवताना कापडाची पांढरी बाजू वर असते, त्यामुळे सेनामला काही दिसायचं कारण नव्हतं. कात्री माझी, चूक माझी. हे मी आज बराकीत जाऊन तोंडानेही सांगणार आहे.

कारण मी मैदानातून धावत येईपर्यंत शिपाई तिला दुकानातून घेऊन गेले होते. कॅप्टनने विचारलं, कोणी केलं? ती म्हणाली, "बेतलं मी, शिवलंही मी." मला न विचारता. या गोष्टीचा मला तिच्यावर राग आहे आणि तो कागदावर राहावा.

देडेबाईंनाही नेलं होतं. त्या सांगतात, "विचारतात, बाई, तुमच्या मागे काय होतं? मी म्हटलं, साहेब, माझ्या मागे काय आहे ते मला कसं दिसणार? ते तुम्हांलाच दिसलं." त्यांना संध्याकाळीच सोडलं. कोळणी बसून राहिल्या तर बराकीत मासे जात नाहीत. सेनामच्या मागे कोणी नाही. आज पाचवा दिवस. मैदानात पोट धरून हसलेले लोक आता म्हणतात, आम्ही त्या वेळी आकाशाकडे बघत होतो.

कलम २. घर आईकडे, तिच्या हयातीपर्यंत. नंतर सेनामकडे. मशीन आणि बाबांची मोठी कात्री आजपासूनच सेनामची. तिने मला होकार दिलेला नाही हे इथे स्पष्ट नोंदवतो, म्हणजे उद्या कोणी तिला माझी विधवा म्हणून काळे कपडे घालायला लावणार नाही.

कलम ३. बाबांची मापांची वही. पान नऊ: सार्जंट, म्हणजे आजचे जनरलसाहेब, कंबर तीस. ज्या सकाळी त्याने रेडिओवरून सरकार उलथल्याचं सांगितलं, त्याच सकाळी तो दुकानात येऊन जनरलच्या पट्ट्या खांद्यावर शिवून घेत होता. बाबा म्हणाले, "साहेब, मधला कर्नल राहिला." तो म्हणाला, "मास्तर, टाका घाला." पुढे मार्शल, कंबर अडतीस. तहहयात अध्यक्ष, कंबर सेहेचाळीस. त्या वर्षी गावात मीठ मिळत नव्हतं. हा आकडा बाबा बाजारात बोलले. तीन महिने बराकीत राहिले, खोकला घेऊन परत आले, आणि त्यातच गेले.

ही वही कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांना द्यावी. त्यांनी शिकवलं की साहेब विसाव्या वर्षीच सेनापती होते. मी उठून म्हटलं, "सर, पट्ट्या आमच्या दुकानात शिवल्यात." त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मी गेलो तो परत गेलो नाही.

नको. ते घाबरून जाळून टाकतील. वही देडेबाईंकडे, मासे गुंडाळायच्या कागदांत. सांभाळायला फक्त, मालकीने नव्हे, कारण त्या या कागदाच्या साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला वाटा घेता येत नाही.

कलम ४. जनरलसाहेबांना माझ्याकडून काहीही जाणार नाही. माझं प्रेत परत मिळालं तर त्या कापडात गुंडाळू नये. दुसरं कापड नसेल तर पोतं चालेल.

कलम ५. आई, तू बाबांना जाऊ दिलं नाहीस, शिपाई तुला ढकलून त्यांना घेऊन गेले. मला तुला ढकलायचं नाही, म्हणून तू चर्चला गेली असताना लिहितोय.

हे वाचून दाखवल्यावर देडेबाई म्हणाल्या, "पोरा, तू गेलास म्हणून ते तिला सोडतील कशावरून?"

"कशावरूनच नाही, मावशी."

"मग?"

"मग माझ्या चुकीपायी ती तिथे एकटी बसणार नाही."

त्यांनी अंगठा पुढे केला.

साक्षीदार:
१. देडे, मासे विकणारी (डाव्या हाताचा अंगठा)
२. कोमी आग्बेको, सुतार. यांनी सही करताना माझ्या उंचीचा अंदाज घेतला. मी रागावलो नाही.

सही: डोत्से आमेग्बो
आग्बोदे, रविवार, १६ ऑगस्ट १९८१

ता. क. साक्षीदार गेले. कागद मशीनवर, कात्रीखाली ठेवतोय. कुलूप लावत नाही. सेनाम आली तर तिला बाहेर ताटकळावं लागू नये. निघालो. दार नुसतं ओढून घेतो.