सूर्याला वाहिलेला अमेरिकन पैसा

पुणे, नारायण पेठ
रथसप्तमीचा दुसरा दिवस, १९८९

ती. आप्पासाहेब यांस,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार. आम्ही सर्व (म्हणजे मी आणि आपली धाकटी भगिनी सरोजिनी) सुखरूप आहोत. साताऱ्याच्या थंडीत आपला गुडघा काय म्हणतो? अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. आपलं आता वय झालं, बारीक अक्षराचा ताप नको. (आभार मानू नयेत.)

आपल्या कै. वडिलांना एका मिशनरी डॉक्टरांनी दिलेला १७९८ सालचा अमेरिकन तांब्याचा सेंट आपण दिवाळीत माझ्या हवाली केलात. त्याच सालचा माझा सेंट मला जुन्या बाजारात जब्बारभाईंकडे कुलपांच्या ढिगात मिळालेला. त्या काळी तिकडे नाणी पाडायचे ठसे हाताने कोरत. एक तडकला की दुसरा कोरायचा, त्यामुळे एकाच सालच्या नाण्यांतही सख्ख्या भावांइतका फरक. आपल्या सेंटवर सालातला आठाचा आकडा नाण्यावरच्या बाईच्या पदराला टेकलेला. माझ्यावर तो किंचित सुटा, शिवाय ठशाला तडा गेल्याने उमटलेली केसाएवढी रेघ. यातला आधीचा ठसा कोणता, यावरून आपण दोघं इतकी वर्षं भांडतो आहोत. मी दोन्ही शेजारी ठेवून निकाल देणार होतो. दिवाळी गेली, संक्रांत गेली, आपली स्मरणपत्रं आली. अभ्यास सखोल चालू असल्याने उत्तर दिलं नाही.

मध्यंतरी आपल्या भगिनीने सूर्याची उपासना धरली. (आजवर सूर्याशी तिचा संबंध पापड वाळवण्यापुरता होता.) रोज अर्घ्य, रविवारी अळणी. मंडईतल्या भाजीवाल्या मैनाबाईंनी तिला सांगितलं, की रथसप्तमीला नदीच्या पाण्यात तांबं सोडावं, सूर्य प्रसन्न होतो. कशासाठी प्रसन्न करायचा, हे मी विचारलं नाही. बायकांच्या व्रतात नवऱ्याने नाक खुपसू नये.

तर काल भल्या सकाळी बसने खडकवासल्याच्या धरणावर. गावातल्या मुठेला पाणी म्हणणं हा पाण्याचा अपमान आहे, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. तिने अर्घ्य दिलं, ओठांतल्या ओठांत बराच वेळ काही मागितलं आणि हात लांब करून काहीतरी टाकलं. डुबुक असा भरदार आवाज आला. ॲल्युमिनियमचे पाच पैसे असे बुडत नाहीत. मी कानांनी ओळखलं.

"काय टाकलंस?"

"तुमच्या टेबलावरचा पैसा. सरकारच्या पैशात तांबं राहिलंय कुठं आता? आणि अहो, दोन सारखेच तर होते. एक ठेवलाय की!"

आप्पासाहेब, दोन सारखेच! ज्या घरात एका रेघेपायी आपण दोघं जेवणाच्या ताटावरून उठलो आहोत, त्या घरात हे वाक्य. मी काठावर बसून राहिलो. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं, कुणी बुडी मारणारा मिळेल का? तो म्हणाला, "उन्हाळ्यात या आजोबा. पाणी आटलं की घावंल. आत्ता लई खोल हाय." धरणाचं पाणी आमच्याच नळाला येतं, म्हणून तूर्त मी भांडंभर जास्त पितो आहे.

आपण मात्र निर्धास्त असावं. घरी येताच राहिलेला सेंट भिंगाखाली धरला. आठ पदराला टेकलेला, रेघ नाही. आपल्या वडिलांचा सेंट सुखरूप आहे, गेला तो माझा. हा निकाल अंतिम समजावा. वहिनींना नमस्कार.

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. सेंट न्यायला याल तेव्हा आपलं भिंग आणावं. माझ्याची काच हल्ली धुरकट झाली आहे.

दुसरा ता. क. भिंग उत्तम आहे. डॉक्टर म्हणतात, मोतीबिंदू असता तर काढता आला असता. हे डोळ्याच्या पडद्याचं आहे, याला उपाय नाही. कडेचं सगळं दिसतं, नेमकं जिथं बघावं तिथंच काही नसतं. तो आठ मला दिवाळीतच दिसला नव्हता. तेव्हा राहिलेला सेंट कुणाचा, हे मला ठाऊक नाही. बोटाने चाचपून पाहिलं, तरी कळलं नाही. "दोन सारखेच" असं ती म्हणाली, तेव्हा मला राग आला नाही, भीती वाटली. मलाही ते सारखेच झाले आहेत.

ती सूर्याला काय मागते, ते मला न विचारता कळतं. तर एवढं करा. भर दुपारच्या उजेडात या, सेंट नीट बघा, आणि काहीही दिसलं तरी तिच्यासमोर ठणकावून सांगा, की गेला तो गोपाळकृष्णाचा. माझ्या डोळ्यांसाठी तिने स्वतःच्या वडिलांची आठवण पाण्यात सोडली असेल, तर ते तिला कधी कळू नये. खरं काय ते मलाही सांगू नका.

तिसरा ता. क. अक्षर आपल्यासाठी मोठं काढलेलं नाही. आणि उत्तर लिहू नका, सरळ या. आपली पत्रं हल्ली तीच मला वाचून दाखवते.