जुमैलमधला आवाज

शनिवार, १५ जानेवारी २०२२. उम्म सलाल मोहम्मद, दोह्याजवळ

सिद्ध करायचे आहे ते असे : काल दुपारी जुमैल या ओसाड गावात मी जो आवाज ऐकला, तो माझ्या सुनेचा नव्हता.

सून, म्हणजे देवव्रतची बायको अनुष्का, गेल्या मे महिन्यात येथील रुग्णालयात वारली. प्रवासाचे निर्बंध होते. मला येता आले नाही. तिचा मृत्यू मी पाहिला नाही, तो मला केवळ शब्दप्रमाणाने ठाऊक आहे – मुलगा फोनवर बोलला आणि मी मानले. आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवलेल्या बाईने हा फरक आजवर लिहून ठेवला नव्हता. आज ठेवते.

येथे येण्याचे कारण नात. चैत्राली आठ वर्षांची. बाप फुटबॉल विश्वचषकाच्या एका मैदानाला थंड हवा पुरवण्याच्या कामावर. सकाळी अंधारात जातो, दिवेलागणीनंतर येतो. मधला सगळा वेळ मुलगी शेजारच्या नयनाकडे. आई नाही, भाषा नाही – मराठी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत. तिला पुण्यास नेणे इष्ट, हे माझे मत. देवव्रत अर्धा तयार आहे. दोघींची तिकिटे फेब्रुवारीअखेरची.

शुक्रवारी बापलेक किनाऱ्याने भटकतात. ही रीत अनुष्काने घातलेली. उत्तरेला कोळ्यांची जुनी गावे आहेत. माणसे केव्हाच दोह्याकडे गेली, भिंती राहिल्या. तिथले एखादे बिनछपराचे घर चैत्राली निवडते आणि शिंपल्यांची भातुकली मांडते. देवव्रत गाडीपाशी थांबतो. गावात शिरत नाही. का, ते सांगत नाही.

काल मी मशिदीच्या मनोऱ्यापाशी उभी होते. घरांच्या बाजूने आवाज आला –

'वायच थांब गो, येतंय!'

मालवणी. अनुष्काचे हेल. पुण्यास आमच्या स्वयंपाकघरातून ती असेच ओरडत असे, आणि कधीही वेळेवर येत नसे!

रविवार, १६ जानेवारी

वारा नव्हता. पाणी ओसरलेले, चिखलावर पक्षी, तेही मुके. वाऱ्याची शंका रद्द.

मंगळवार, १८ जानेवारी

नयनाकडे संक्रांतीचे हळदीकुंकू. ती नाशिकची, नवरा तेलकंपनीत. बायका झटपट निघाल्या, मी मुद्दाम मागे राहिले. जुमैलमध्ये मराठी माणसे फिरायला जातात का, एवढेच विचारले.

'काकू, तिथं? तिथं तर जिन्न असतात म्हणतात. आमचे हे संध्याकाळनंतर गाडी थांबवत नाहीत त्या बाजूला.'

'जिन्न मालवणी बोलतात का?'

ती इतकी हसली की वाणाची वाटी हातातून सुटली. मग वाटी उचलता उचलता तिने विचारले, 'काकू, तुम्ही नीट झोपता ना?'

विचारायला नको होते. साक्षीदाराला प्रश्नाचे कारण कळले की साक्ष बिघडते.

शनिवार, २२ जानेवारी

काल झुबाराचा किल्ला. चांगला राखलेला, म्हणून निरुपयोगी : फोटो काढणारी कुटुंबे, एक बस, आइस्क्रीम. परतताना अल खोरजवळचे जांभळे बेट. लाकडी पुलावरून गेलो. दोन्ही बाजूंना तिवरांची झुडपे, मुळे पाण्याबाहेर बोटांसारखी उभी. एरवी आवडले असते. मी सारा वेळ कान देऊन होते.

आवाज नाही. चैत्रालीने शिंपलेही काढले नाहीत. माणसे असली की भातुकली मांडत नाही, म्हणाली. म्हणजे, 'नॉट व्हेन पीपल आर देअर.' मी म्हटले, 'मराठीत सांग.' तिने खांदे उडवले आणि पुढे गेली.

गाडीत देवव्रतला विचारले, अनुष्काचे ध्वनिमुद्रण काही आहे का, फोनवर, कुठे?

'पुसलं.'

'सगळं?'

'सगळं, आई. एकदा ऐकलं आणि त्या दिवशी साइटवर मला व्हॉल्व्ह ओळखता येईना. कशाला हवंय?'

'तपासायचे आहे.'

'तू माणसंसुद्धा तपासतेस! चाळीस हजार खुर्च्यांखाली गार हवा सोडतोय मी, वाळवंटात. तेवढ्यानं कुणाला नवल वाटत नाही. आणि तू म्हणे, कुठं धूर, कुठं अग्नी.'

घरात अनुष्काचे छायाचित्र नाही, साडी नाही, चपला नाहीत. हे दोघे तिला विसरण्याच्या मार्गावर आहेत, असे अनुमान मी पहिल्याच आठवड्यात केले होते. मुलीला नेण्याचे ते आणखी एक कारण.

शनिवार, २९ जानेवारी

पुन्हा जुमैल. पुन्हा आवाज! या वेळी लांब, दबका, दोन-तीन वाक्यांचा. शब्द उमगले नाहीत, हेल उमगला. मानेमागचे केस उभे राहिले – हे लिहायला संकोच वाटतो, पण निरीक्षणात निवड करता येत नाही.

परिशेषाने पाहते. वारा नव्हे. ध्वनिमुद्रण नव्हे. परके कुटुंब नव्हे. रस्त्यावर आमचीच गाडी होती. माझे कान? दिवाळीपूर्वी तपासले, उत्तम आहेत. देवव्रत गाडीपाशी पाठमोरा, आणि आवाज बाईचा. चैत्राली? तिला मराठी बोलता येत नाही. येत असती तर इतक्या दिवसांत, एका घरात, एका खोलीत झोपताना, एकदा तरी माझ्या कानी पडली असती.

सारे वगळल्यावर जे उरते ते लिहायला माझा हात तयार नाही.

बुधवार, २ फेब्रुवारी

हल्ली स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी उंबऱ्याशी थांबते. आत कोणी असेल तर त्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून. कोणाला?

शनिवार, ५ फेब्रुवारी

काल मी मनोऱ्यापाशी थांबले नाही. चपला हातात घेतल्या आणि वाळूतून भिंतीपर्यंत गेले. प्रवाळाच्या दगडांची भिंत, खांद्याएवढी. पलीकडे चैत्राली एकटी. समोर शिंपले. तिची पाठ माझ्याकडे.

'आई, आय डोन्ट वाँट टू गो.'

मग तिने मान वळवली, जणू दुसऱ्या पाटावर जाऊन बसली, आणि त्याच तोंडातून –

'रडतंस कित्याक? आजी वायट नाय.'

'शी करेक्ट्स एव्हरीथिंग.'

'ता तिचा कामच आसा गो!'

'बाबा विल बी अलोन.'

'बाबाक मी बघतंय. तू जा.'

मी खाली बसले. दगड गरम होते.

रविवार, ६ फेब्रुवारी

प्रतिज्ञा सिद्ध झाली. आवाज चैत्रालीचा. समाधान वाटायला हवे.

विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे : घट दिसला नाही म्हणून घट नाही, असे म्हणायचे तर आधी दिवा लावा. अंधारात न दिसणे हे प्रमाण नव्हे. मी अंधारात उभी राहून निकाल दिला. पोरगी मराठी बोलते – मालवणी, स्वच्छ, आईच्या श्वासासकट! फक्त ती स्वतः बोलत नाही. तिची स्वतःची इंग्रजी. मराठी तिने आईसाठी राखून ठेवली आहे, देवापुढचे ताट कोणी उष्टे करू नये तशी. घरात तिने एक शब्द वापरला तर तिकडे आईला बोलायला काय उरेल? आणि पुण्यास तर सगळेच मराठी बोलतात.

छायाचित्र, साडी, चपला – तीही मी अशीच मोजली होती.

तरीही. मुलीने पडक्या घरात मेलेल्या आईशी बोलत मोठे व्हावे काय? नव्हे. माझे मत बदलण्याजोगा हेतू, म्हणजे तर्कातले कारण, यात नाही. कळवळा हा हेतू नव्हे.

देवव्रतला सांगितले नाही. त्याला सांगितले तर तो भिंतीपाशी जाऊन उभा राहील, आणि मग तेथून हलणार नाही.

मंगळवार, ८ फेब्रुवारी

शाळेचा दाखला आला. देवव्रतने तो माझ्या हातात दिला.

'खलास. आता तूच सांग तिला.'

'तू बाप आहेस.'

'म्हणूनच. माझ्या तोंडून निघणार नाही, आई. बॅगेचं बघतो मी. मोठी घेऊ का मधली?'

तो बराच वेळ माळ्यावरच्या बॅगांकडे बघत उभा होता. नंतर चैत्रालीला मी सांगितले. सोप्या शब्दांत, कारणांसह. तिने सगळे ऐकले.

'आय हॅव टू आस्क,' म्हणाली.

कोणाला, हे मी विचारले नाही.

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

जुमैल. समुद्राकडून वारा. ती आत, मी भिंतीअलीकडे.

'आई, डू आय हॅव टू गो?'

ती मान वळवून दुसऱ्या पाटावर गेली. ओठ उघडले. शब्द आला नाही. पुन्हा आपल्या जागी येऊन तिने तोच प्रश्न विचारला. पुन्हा नाही. मग ती शिंपल्यांकडे बघत नुसती बसून राहिली, आणि मला कळले की ती स्वतः उत्तर देणार नाही. वाट बघणार आहे.

'जाव नको गो बाय.'

'ओके,' आतून आले.

गाडीत तिने बापाला सांगितले, आईने नको म्हटले. देवव्रतने आरशातून माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. उम्म सलालपर्यंत खुलासा करता आला असता.

मान्य करते : आजचा आवाज अनुष्काचा नव्हता. माझा होता. मृत व्यक्तीच्या वतीने, तिच्या बोलीत, तिला न विचारता मी उत्तर दिले. ही चूक आहे, हे देताना ठाऊक होते. दुरुस्त करणार नाही. परतीचे तिकीट एक.

– पुष्पावती आगाशे