नळावरच्या बायकांचा फोटो

१० जानेवारी १९९९, रविवार
सकाळी सातला रुळाकडेच्या वस्तीत. कॅमेरा घेऊन जायचा हा चौथा रविवार. मिरज पॅसेंजर गेली तेव्हा बायकांनी वरही न बघता मांडणीवरची भांडी हातानं दाबून धरली. मिळाली ती फ्रेम.
मग नळावरची रांग. गौरव्वा म्हणाली, "बाई, माझं काढू नगा. ह्या बायांचं काढा, ह्यास्नी हौस हाय." ती चिंध्या निवडते. मुलगी रत्ना, सात-आठ वर्षांची. चहा दिला मला. का नको ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१७ जाने.
रोल धुतला. नळाची फ्रेम फार चांगली आलीय. उजव्या कडेला गौरव्वा, मान वळवताना, चेहरा पूर्ण. मुद्दाम काढला नाही, असं स्वतःला सांगतेय. कड कापून बघितली. चित्राचा तोलच जातो.

२४ जाने., रवि.
पेपरच्या पुरवणीत फोटो आला. अर्धं पान. खाली माझं नाव, 'कलाशिक्षिका', शाळेचंही नाव. बाबांनी शिवाजी पेठेतल्या काकांना फोन करून सांगितलं.
छापायला देताना गौ.ला विचारलं नव्हतं. ती कुठं पेपर वाचते, असं मनात आलं होतं. लिहून ठेवते.

२८ जाने., गुरु.
शाळेच्या फाटकात एक माणूस. पांढरा सदरा, नीट भांग, हातात फोटोचं कात्रण. बोलण्यावरून नेसरीच्या बाजूचा.
"म्याडम, तुमीच काढला न्हवं हा? ही आमची वैनी. तीन वर्सं झाली, पोरगी घिऊन गेलीया. आईनं हातरूण धरलंय. नातीचं तोंड बघायचं म्हणती."
आवाज इतका मऊ की क्षणभर वाटलं, सांगावं. मग म्हणाला, "पोरगी शाळंला जाती का? कुठल्या?"
म्हटलं, फोटो मिरजेचा आहे.
तो हसला. "असंल की. पेपरवाल्यानी कोल्हापूर छापलंय."

दुपारनंतरची सुट्टी टाकून वस्तीत. गौ.ला सगळं सांगितलं. चिंध्या निवडणारे हात थांबले नाहीत.
"दिसायला कसा हाय?"
सांगितलं.
"धाकटा दीर." मग पदर सारून मानेखालचा भाजल्याचा डाग दाखवला. "ह्यो आन् माझा नवरा, दोघांनी मिळून. सासू दार धरून हुती." पदर सारखा करत, "म्या म्हटलं हुतं का न्हाई तुमास्नी?"
ओरडली असती तर बरं झालं असतं.
म्हटलं, माझ्या घरी या दोघी. "तुमचं घर त्याला आदी घावंल. नाव छापलंय की."

३० जाने.
वस्तीत गेले. गौ.ची शेजारीण सखूमावशी म्हणाली, "क्यामेरा पिशवीत घाल आदी." दीर आणि आणखी एक जण काल कात्रण दाखवत फिरले. सगळ्यांनी एकच सांगितलं, ती बाई कवाच गेली. गौ. आणि रत्ना मावशीच्या खोपटात, दार लावून. माझ्याशी दुसरं कुणी बोललं नाही.

३१ जाने., रवि.
वकील मैत्रीण म्हणते, तक्रार द्या, संरक्षण मागू. गौ. तयार नाही. "सई केली की पत्ता लिवत्यात."
कुडचीला तिची अक्का आहे. मिरजेला गाडी बदलून जायचं. पण दीर आणि त्याच्याबरोबरचा कोल्हापूरच्या स्टेशनावर बसून आहेत.
"मायलेकीला हुडकत्यात ती. पोरीला तुमी घिऊन जावा. बाईंसंगं शाळंतली पोर, कोण बघतंय? म्या रुळानं चालत फुडच्या स्टेशनाला जाती, तितनं बसती."
मी म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे?
"न्हाई. पर दुसरं कोण हाय?"

१ फेब्रु., सोम.
मिरज स्टेशन. बाकावर बसून लिहितेय.
सकाळी कोल्हापूर स्टेशनच्या फाटकाजवळच दीर उभा होता. रत्नाला माझ्या भाचीचा गणवेश घातला होता, दोन वेण्या. तिनं माझा हात घट्ट धरलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं की नाही, कळलं नाही. मी वळून बघितलं नाही.
पुढच्या स्टेशनावर खिडकीतून गौ. दिसली नाही. गर्दी होती, मागच्या डब्यात चढली असेल म्हटलं. मिरजेला सगळी गाडी रिकामी होईपर्यंत थांबलो. नाही.
त्यानंतरची गाडी आली. तिच्यातही नाही. अक्काचं कुडचीतलं घर कुठं, ते फक्त गौ.ला माहीत. मावशीला निरोप द्यायचा तर वस्तीत फोन नाही. पोलिसांकडं जावं, तर पोरगी कुणाची म्हणून विचारतील. आणि कागदावर बाप गौ.चा नवराच आहे.
रत्ना रडत नाही. बिस्किटाचा पुडा उघडलेला नाही. आत्ता विचारलं, "बाई, कुणी नाव इचारलं तर काय सांगू?"
कोल्हापूरहून आणखी एक गाडी फलाटाला लागतेय. तिचा हात धरून डबे बघायला उठते.